साताऱ्या-सांगलीकडचे जुने वड: पारंबी जमिनीला टेकू द्या

वैराटगडकर

आमच्या गावाला वळायच्या फाट्यावर एक वड आहे. त्याला वेगळं नाव नाही, सगळे 'फाट्यावरचा वड' म्हणतात. एसटीची वाट बघत घरातल्या तीन पिढ्या त्याच्याखाली उभ्या राहिल्या. लहानपणी आम्ही चार पोरं हात धरून त्याला कवेत घ्यायला बघायचो, वेढा पुरा व्हायला पाचवा लागायचा. आजी बाजारला जाताना त्याच्या पारावर टोपली टेकायची आणि दोन मिनिटं डोळे मिटून बसायची. उन्हातून त्या सावलीत पाऊल टाकलं की अंगावरून कुणीतरी ओला पंचा फिरवल्यासारखं वाटायचं.

गेल्या रविवारी गावी गेलो. मृग लागून दोन सरी झाल्या होत्या, म्हणजे खरं तर वड तकतकीत दिसायला हवा होता. त्याची पूर्वेची अख्खी बाजू उघडी पडली आहे. पानं आहेत, पण पिवळट आणि खुरटलेली. शेंड्याकडच्या फांद्या नुसत्या काड्या.

रस्त्याच्या बाजूला एक पारंबी लोंबते, माझ्या मनगटाएवढी जाड. जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर कुणीतरी ती कोयत्यानं सपकन तोडली आहे, बहुधा गाड्यांना लागते म्हणून. तोडल्या जागेतून बारीक मुळ्यांचा झुपका फुटला आहे आणि त्यांची टोकं ओली, फिकट पिवळी. बोट लावलं तर थंड लागली. जरा वर बघितलं तर त्याच पारंबीवर आणखी तीन जुन्या गाठी. प्रत्येक गाठ म्हणजे एकेकदा तोडल्याची खूण, आणि प्रत्येक गाठीखालून नव्यानं सुटलेली मुळं. चार वेळा तोडली, चारही वेळा ती पुन्हा खाली यायला निघाली. माझी एसटी आली आणि गेली, मी तिथंच उभा होतो.

तिथून म्हसव्याला गेलो. पाचवडहून कुडाळ-मेढ्याकडे जाताना वैराटगडाच्या पायथ्याला म्हसवे लागतं. तिथल्या वडाची नोंद इंग्रजांनी करून ठेवली आहे. १८८२ साली ली-वॉर्नर नावाच्या अधिकाऱ्यानं तो मोजला होता. विस्ताराचा घेर १५८७ फूट, दक्षिणोत्तर ५९५ फूट, पूर्व-पश्चिम ४४२ फूट. मी घरी येऊन हिशेब केला, साडेचार एकरांच्या वर सावली होते. एका झाडाची! आज तिथं उभं राहिलं की मूळ बुंधा कोणता हे सांगता येत नाही. पारंब्यांची झालेली खोडं आहेत, मध्ये मोकळ्या जागा आहेत. तरीही आत शिरलं की आवाज बदलतो, बाहेरचं ऊन लांब गेल्यासारखं होतं.

आमचा फाट्यावरचा वड म्हसव्यासारखा मोठा नाही, कुठल्या पुस्तकात त्याची नोंद नाही. पण तो वाळतोय आणि मला तो वाळू द्यायचा नाही. तुमच्याकडचे जुने वड कसे आहेत? कुणी काही करून बघितलंय का, ज्यानं झाड सावरलं?

---

कृष्णाकाठ

वैराटगडकर, वाचून भोसेचा वड आठवला. मिरजेहून पंढरपूरच्या वाटेवरचं भोसे, तिथं यल्लम्माच्या देवळाजवळचा. चारशे वर्षांचा म्हणायचे. आजीबरोबर दिंडीत चालत गेलो होतो तेव्हा दुपारची भाकरी त्याच्याखाली खाल्लेली आठवते. पाय पोळलेले होते आणि तिथली माती गार होती.

जुलै २०२० मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात तो जाणार असं कळलं. कोरोनाचे दिवस, तरी गावातली आणि सांगली-मिरजेची माणसं त्याच्याभोवती जाऊन उभी राहिली. तेव्हाचे राज्याचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी नितीन गडकरींना लिहिलं आणि मुख्य बुंधा वाचेल असा बदल रस्त्याच्या आखणीत झाला. त्या दिवशी आम्ही किती आनंदात होतो हे शब्दांत सांगता येणार नाही. राष्ट्रीय महामार्ग एका झाडासाठी वळतो असं आपल्या जिल्ह्यात कधी घडलं होतं?

आणि जून २०२२ मध्ये तो वड कोसळला.

बातमी आली तेव्हा मी कामावर होतो. संध्याकाळी गाडी काढून गेलो. आडवा पडलेला वड उभ्या वडापेक्षा कितीतरी मोठा वाटतो. माणसं कडेनं गप्प उभी होती, म्हाताऱ्या बायका त्याला हात लावून नमस्कार करत होत्या.

तेव्हापासून एकच गोष्ट मनात आहे, म्हणून हे लिहितोय. झाड वाचलं असं आम्ही म्हटलं आणि घरी गेलो. पुढची दोन वर्षं त्याच्या मुळांजवळ कोण बसलं? मी तरी बसलो नाही. तुमचा वड अजून उभा आहे. आत्ताच त्याच्यापाशी बसा.

---

माहेर_वाई

सुरूर फाट्यावरून वाईकडे वळलं की दोन्ही बाजूंच्या वडांची कमान सुरू व्हायची. सासरहून येताना तिथं पोचलं की मी काच खाली करायचे. रुंदीकरणाचं नाव निघालं की पोटात गोळा येतो. एवढंच लिहिते, जास्त लिहवत नाही.

---

मातीचा_माणूस

तीसेक वर्षं रोपवाटिकेत काम केलं, त्यातून जे शिकलो ते सांगतो.

वैराटगडकर, आधी दोन प्रश्नांची उत्तरं द्या. पूर्वेची बाजू वाळली म्हणता, तर पूर्वेला गेल्या चार-पाच वर्षांत काय खणलं गेलं? आणि बुंध्याभोवती जमिनीची पातळी पूर्वीएवढीच आहे की भराव पडलाय? बुंधा जमिनीत शिरतो तिथं तो पसरट व्हायला हवा, हत्तीच्या पायासारखा. तो जर खांबासारखा सरळ जमिनीत घुसलेला दिसत असेल तर समजा वर माती चढली आहे.

---

वैराटगडकर

काका, तुमचा प्रश्न वाचून भावाला फोन लावला. पूर्वेला तीन वर्षांपूर्वी पाण्याची पाइपलाइन गेली. जेसीबीनं चर मारली, बुंध्यापासून सात-आठ फुटांवरून. भाऊ म्हणाला, त्या दिवशी मांडीएवढी मुळं तुटून वर आली होती आणि चर दोन दिवस चिकानं पांढरी दिसत होती. आणि हो, साइडपट्टीला मुरूम पडलाय. लहानपणी आम्ही ज्या मुळावर घोडा करून बसायचो ते मूळ आता दिसतच नाही.

---

मातीचा_माणूस

मग तुमचं झाड तीन वर्षांपूर्वीच आजारी पडलं, तुम्हाला दिसलं आत्ता.

लोकांना वाटतं मुळं खोल विहिरीसारखी सरळ खाली जातात. काही जातात, झाडाला धरून ठेवायला. पण अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दोनेक फुटांत असतात आणि फांद्यांचा घेर जिथं संपतो तिथपर्यंत, त्याच्याही पुढं पसरलेली असतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. वर फूटभर मुरूम टाकून रोलर फिरवला की मातीतली हवा संपते आणि मुळं गुदमरतात. बुंध्याला धक्का लागला नाही म्हणून ठेकेदार म्हणतो झाड सुरक्षित आहे, आणि त्याला खरंच तसं वाटत असतं.

एवढ्या मोठ्या झाडाच्या अंगात साठा असतो. त्यावर ते दोन-तीन पावसाळे ओढतं. मग पानं लहान व्हायला लागतात, मग शेंडेमर सुरू होते. शेंडे वाळलेले दिसले की मुळांची दुखणी जुनी झालेली असतात. शिवाय धरून ठेवणारी मुळं एका बाजूनं तुटली की वळवाच्या वाऱ्यात झाड त्या बाजूचा आधार नसल्यानं उलथतं. लोक म्हणतात वाऱ्यानं पडलं.

आता काय करायचं. मुरूम हातानं काढा. जेसीबी नको, कुदळही जपून, पंजानं आणि घमेल्यानं. मुळं उघडी पडली तर लगेच ओल्या पालापाचोळ्यानं झाका. पाणी बुंध्याला घालू नका, घेराच्या कडेला आळं करून तिथं द्या. खाली पडलेली पानं झाडाखालीच राहू द्या, पेटवू नका. ढोलीत सिमेंट भरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, आत पाणी कोंडून कूज वाढते. खिळे निघतील तेवढे काढा.

आणि ती पारंबी. तुमच्या झाडाला सगळ्यात मोठं औषध त्याच्याच अंगावर लोंबतंय. वडाचा बुंधा गेला तरी झाड जगतं, ते पारंब्यांवर. कोलकात्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानातला मोठा वड माहीत असेल. त्याला १८६४ आणि १८६७ च्या वादळांनी जखमा झाल्या, बुरशी शिरली आणि १९२५ साली मुख्य खोड कापून काढावं लागलं. आज शंभर वर्षांनी तो पारंब्यांवर उभा आहे.

तुम्ही असं करा. जाड बांबू घ्या, उभा चिरा, आतली पेरं फोडून नळी मोकळी करा. माती आणि कुजलेलं शेणखत भरून त्या झुपक्याभोवती दोन फाका बांधा, वरून ओलं गोणपाट. बांधायला काथ्या, तारेनं साल कापली जाते. खाली खड्डा काढून बांबूचं तोंड मातीत पुरा. वाऱ्यात फांदी हलते, तेव्हा थोडी ढील ठेवा. पावसाळाभर ओल टिकली तर मूळ त्या नळीतून उतरेल.

---

द्राक्षबागवाला

कुणाला राग येऊ नये, पण दुसरी बाजूही यायला पाहिजे. तासगाव तालुक्यात माझी बाग आहे. बांधावर आजोबांच्या वेळचा वड आहे. त्याच्या सावलीत वेल चालत नाही, आठ-दहा गुंठे जागा धरून बसलाय, आणि मुळं पार बागेत येऊन पाणी खातात. फळावर आली की वटवाघळं आणि पाखरं, तिथून ती बागेवर. माझ्यासारख्या चार एकरवाल्याला हे परवडत नाही.

दुसरं, रस्त्याकडेची झाडं. माझा मावसभाऊ रात्री झाडावर आदळून गेला. त्याच्या आईला मी वडाचं कौतुक कुठल्या तोंडानं सांगू?

मी झाड तोडलं नाही अजून. पण विचार येतोच.

---

वैराटगडकर

दादा, भावाचं वाचून वाईट वाटलं. त्यावर मी काय बोलणार.

रात्रीच्या अपघातांसाठी एवढंच सुचतं की बुंध्याला चमकणारे पट्टे बांधता येतात (खिळे न मारता, पट्ट्यानंच), वळणाआधी वेगरोधक करता येतो, आणि जिथं रस्ता चौपदरी होतोय तिथं झाडांची रांग मध्ये दुभाजकात ठेवून नवी बाजू पलीकडून काढता येते. आखणी करतानाच कुणी झाडं नकाशावर मांडली तर हे जमतं. काम निम्मं झाल्यावर मग झाड किंवा रस्ता एवढेच दोन पर्याय उरतात.

बांधावरच्या वडाबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. नुकसान एकट्या शेतकऱ्याचं आणि सावली सगळ्या वाटसरूंची, हे बरोबर नाही. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

---

मातीचा_माणूस

द्राक्षबागवाले, बागेकडची फक्त खालची एक-दोन आडवी फांदी उतरवा, सांध्यापाशी नीट कापून, खुंट न ठेवता. सगळा एका बाजूचा विस्तार उतरवू नका, तोल जातो. मुळांसाठी बाग संपते तिथं दोन फुटी चर घेता येते, पण ती झाडापासून लांब, घेराच्या बाहेर. झाड राहील, बागही राहील. कापायच्या आधी फोटो टाका, मी खूण करून देतो.

---

तांबट

वटवाघळं आणि पाखरं हे नुकसानीच्या खात्यात लिहिलेलं बघून राहवलं नाही. वडाचं फळ ज्याला आपण म्हणतो त्याच्या आत फुलं असतात आणि ती फलित करणारी एक बारीक गांधीलमाशी असते, तिळाहून लहान. वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची वेगळी. तिला वड लागतो आणि वडाला ती लागते. शिवाय सगळे वड एकाच महिन्यात फळत नाहीत. एक इथं, दुसरा दोन महिन्यांनी तिथं. उन्हाळ्यात शिवार मोकळं असतं तेव्हा हरियाल, तांबट, कोकीळ, धनेश त्यावर तगतात. हरियाल आपला राज्यपक्षी आहे आणि तो जमिनीवर क्वचितच उतरतो, त्याला फळझाडाचे शेंडेच लागतात. एका रस्त्यावरचे वीस वड गेले म्हणजे वीस झाडं गेली एवढंच नसतं, पाखरांचं वर्षाचं वेळापत्रक मोडतं.

औंधला आजोळ आहे माझं. पहाटे वडावर हरियालांचा थवा उतरला की शीळ घातल्यासारखा आवाज येतो, आणि थवा मात्र दिसत नाही. पानांच्याच रंगाचे असतात. एक हलला की कळतं तिथं चाळीस बसलेत.

---

नोंदवही

कायद्याचं थोडं सांगतो, कारण ग्रामसभेत दरवेळी गोंधळ होतो.

शहरांसाठी १९७५ चा झाडांचं संरक्षण व जतन करण्याचा कायदा आहे. त्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरच्या झाडाला 'प्राचीन वृक्ष' म्हणून वेगळं स्थान मिळालं. असं झाड तोडायचं तर त्याच्या वयाएवढी झाडं लावायची आणि सात वर्षं जगवायची. पण हा कायदा नागरी क्षेत्राचा आहे, महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीतला. आपले बहुतेक जुने वड गावठाणाबाहेर रस्त्यावर आणि बांधावर उभे आहेत.

ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा लागतो. त्याच्या अनुसूचीतली झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. साग, चंदन, खैर, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा अशी नावं त्यात आहेत. वडाचं नाव नाही. मी पहिल्यांदा ती यादी वाचली तेव्हा पान चुकलं असेल म्हणून पुन्हा वाचली. लाकडाला किंवा फळाला भाव असलेली झाडं यादीत आली. ज्याचं लाकूड फारसं कामाचं नाही, ज्यानं फक्त सावली दिली, त्याला तिथं जागा मिळाली नाही. आपल्या राष्ट्रीय वृक्षाची ही गत आहे.

तरी हातात काहीतरी आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. त्या नोंदवहीत तुमच्या वडाची नोंद करा, जागा, घेर, फोटो, कोण कशासाठी वापरतं ते. ग्रामसभेचा ठराव करा. उद्या रस्त्याची मोजणी आली की तोंडी सांगण्यापेक्षा हा कागद पुढे करता येतो. आणि मोजणीचे खुंट पडायच्या आधी करा, नंतर फार धावपळ होते.

---

पारावरची

वैराटगडकर भाऊ, वय कसं सांगतात हो? आमच्या गावचे लोक सातशे वर्षं म्हणतात.

---

मातीचा_माणूस

ताई, वडाचं वय सांगणं अवघड. सागासारखी खात्रीची वर्तुळं त्यात मोजता येत नाहीत, आणि जुन्या वडाचं पोट पोकळ असतं, मोजणार काय? जुनी कागदपत्रं, गावातले जुने फोटो, देवळाचा शिलालेख यांत झाडाचा उल्लेख सापडला तर खालची मर्यादा ठरते. म्हसव्याची १८८२ ची मोजणी म्हणून तर मोलाची. तुमच्याकडे आज घेर मोजून, तारीख टाकून लिहून ठेवा. पन्नास वर्षांनी कुणाला तरी तो कागद उपयोगी पडेल.

---

पारावरची

आमच्याकडे वटपौर्णिमेला बाजारात फांद्या विकायला येतात. पन्नास-शंभर फांद्या एका झाडाच्या. ज्याच्या दीर्घायुष्याची पूजा, त्यालाच ओरबाडायचं, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून खटकायचं. सासूबाईंना भीत भीत बोलले तर त्या म्हणाल्या, "मग पाराशी जाऊन पूज की, फांदी आणायची रीत आपल्या घराण्यात नव्हतीच."

तीन वर्षांपूर्वी आमच्या बचत गटानं ठरवलं, वटपौर्णिमेला फांदी लावायची. मनगटाएवढी जाड आणि आपल्या उंचीहून हातभर जास्त अशी पाच खोडं घेतली, फक्त विजेच्या तारांखाली लाइनवाल्यांनी छाटून टाकलेल्यातली. पानं काढली, वरच्या कापाला शेणमाती थापली, दोन फूट खोल पुरली. पाचांतली दोन जगली. एक शेळ्यांनी खाल्लं, एक पाण्यावाचून गेलं, एक ट्रॅक्टर मागे घेताना मोडलं. जी दोन आहेत ती आता माझ्या डोक्याच्या बरीच वर गेलीत. यंदा एकीला पहिलं फळ आलं, हरभऱ्याएवढं, हिरवं. मी गटातल्या सगळ्यांना फोन करून बोलावलं बघायला.

---

मेढा_घाट

तोडलेल्या झाडांचं पुनर्रोपण करू असं सगळीकडे सांगतात. ते खरंच जगतं का?

---

मातीचा_माणूस

वड, पिंपळ, उंबर ही जात चिवट, जगू शकते. पण त्यासाठी आधी काही महिने टप्प्याटप्प्यानं मुळं छाटून मातीचा गड्डा तयार करावा लागतो, पावसाळा गाठावा लागतो आणि नंतर दोन-तीन वर्षं पाणी द्यावं लागतं. क्रेननं उपटून दुसऱ्या दिवशी खड्ड्यात उभं केलं तर तो ओंडका असतो. त्याला पालवी फुटते, कारण अंगातला साठा असतो. ती पालवी बघून फोटो निघतात. दोन उन्हाळ्यांनी तिथं जाऊन बघा. आणि शेवटी, दोनशे वर्षांची सावली जागेवरच राहते, हलवता येतो तो फक्त बुंधा.

---

वैराटगडकर

धागा वर आणतोय. तीन महिने झाले, सविस्तर लिहितो.

जूनअखेरीला आम्ही सातजण जमलो. भाऊ, मी, दोन शाळकरी पोरं, फाट्यावरचे चहावाले काका, त्यांची सून आणि पूर्वी लाइनमन असलेले एक आजोबा. मुरूम काढायला दोन रविवार लागले. वरचा चार बोटं थर फरशीसारखा घट्ट होता, त्याच्याखाली काळी माती लागली आणि तिला वास होता, कुबट. चहावाल्या काकांनी मूठभर उचलून हुंगली आणि म्हणाले, "कोंडली होती बिचारी." दुसऱ्या रविवारी ते घोड्याचं मूळ सापडलं. साल काळी पडली आहे, पण नख मारलं तर आत हिरवट ओल आणि चिकाचा एक थेंब आला. भाऊ आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. पोरांनी विचारलं काय झालं, तर भावानं त्यातल्या धाकट्याला उचलून त्या मुळावर बसवलं.

खिळे एकशे बारा निघाले. मोजून डब्यात ठेवलेत. फ्लेक्सचे, लग्नाच्या पाट्यांचे, एक घोड्याच्या नालेचा.

पारंबीला बांबू बांधला. पहिला वाऱ्यानं फिरला आणि निसटला, कारण मी फार घट्ट बांधला होता. दुसरा इथं मातीचा_माणूस काकांनी सांगितल्यासारखी ढील ठेवून बांधला. रस्त्याच्या बाजूनं दोन दगड रोवून चुना मारला, म्हणजे गाड्या लांबून जातात. चहावाल्यांची सून रोज कपबशा विसळलेलं पाणी बाजूला ओतते आणि हंड्यातलं चांगलं पाणी एक तांब्या त्या गोणपाटावर घालते. मी तिला सांगितलं नव्हतं.

नोंदवहीवाल्यांनी सांगितलं तसा ग्रामसभेत ठराव मांडला. एकानं विरोध केला, रस्ता मोठा झाला तर जमिनीला भाव येईल म्हणाला. बराच वेळ बोलणं झालं. ठराव झाला. छातीच्या उंचीवर घेर बावीस फूट चार इंच, तारखेसह नोंदला.

पूर्वेची बाजू अजून तशीच आहे, मोठी फांदी बहुतेक जाईल. पण पश्चिमेकडची नवी पानं तळहाताएवढी झाली. आणि आज सकाळी बांबूच्या तळाशी माती बोटानं उकरून पाहिली. पांढऱ्या दोऱ्यासारखी तीन मुळं नळीतून बाहेर येऊन जमिनीत शिरली आहेत. पुन्हा माती सारली आणि हातानं दाबली.

---

कृष्णाकाठ

पुढच्या रविवारी मिरजेहून निघून येतोय. मला तुमचा वड बघायचाय. येतोच आहे तर म्हसव्याचाही मोजून टाकू का? १८८२ नंतर नीट कुणी कधी मोजला हे शोधण्यापेक्षा आपणच मोजू.

---

द्राक्षबागवाला

मी पण येतो. काकांनी खूण करून दिलेली फांदी उतरवली, वड ठेवला. बोलू तिथं.

---

वैराटगडकर

या. सकाळी साडेसातला पाचवडच्या स्टँडवर. शंभर फुटी टेप माझ्याकडे एकच आहे, अजून एक लागेल, आणि खुणेला चुन्याची पिशवी. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला चिखल असतो, तसले जोडे घाला.

---

पारावरची

टेप आमच्या गटाकडे आहे, मी घेऊन येते. भाकरी किती जणांच्या आणू?